बोटीने आलेला खर्ज

लंडनला जाऊन आलेल्या मराठी माणसाची एक यादी ठरलेली असते. टॉवर पाहिला, राजवाड्यापुढची पहारेकऱ्यांची बदली पाहिली, म्युझियममध्ये पाय मोडेपर्यंत हिंडलो, मेणाच्या पुतळ्यांशेजारी उभे राहून फोटो काढला, आणि लॉर्ड्सच्या हिरवळीकडे बघून एक दीर्घ उसासा सोडला, की यात्रा सुफळ संपूर्ण! ह्या यादीत लंडनचा आवाज कुणी आणत नाही. आणलाच तर बिग बेनचे टोले. पण गावाला जसा वास असतो तसा आवाजही असतो, आणि गेल्या सत्तर वर्षांत लंडनने जो आवाज कमावला तो कुठल्या मनोऱ्यातून खाली आलेला नाही. तो बोटीने आला. त्याचे मूळ गाव वेस्ट इंडीजमधल्या जमेकाची राजधानी किंग्स्टन. आणि त्याची जात म्हणाल तर खर्जाची.

हा आवाज ऐकायचा तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी किंवा सोमवारी पश्चिम लंडनमधल्या नॉटिंग हिलला जावे. त्या दोन दिवसांत तिथे रस्त्यावरचा कार्निव्हल असतो आणि माणसांचा समुद्र लोटतो. मी हा बेत बोलून दाखवला तेव्हा ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्या दोन दिवसांत तिथले लोकच घरं बंद करून बाहेरगावी जातात, आणि तुम्ही मुद्दाम निघालात?"

वहिनींचे म्हणणे खोटे नव्हते. वेस्टबोर्न पार्क स्टेशनातून बाहेर पडलो, तर पांढऱ्याशुभ्र खांबांच्या देखण्या घरांना प्लायवुडच्या फळ्या ठोकलेल्या. वादळ यायचे असावे तशी. आणि पन्नास पावलांवर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, त्याच प्लायवुडची दुसरी रास उभी: माणसाच्या दुप्पट उंचीची, कपाटांवर कपाटे रचावीत तशी स्पीकरांची भिंत. एकाच लाकडाचे हे दोन उपयोग. एक आवाज बाहेर ठेवण्यासाठी, एक आवाज बाहेर काढण्यासाठी. नॉटिंग हिलचा सगळा इतिहास ह्या दोन फळ्यांच्या मध्ये आहे म्हणा ना!

आवाज कानाला ऐकू येण्याआधी पायाच्या तळव्यांना कळतो. मग पोटऱ्यांना, मग बरगड्यांना. सदऱ्याची बाही आपोआप थरथरू लागते. हा नुसता गोंगाट नव्हे. शेजारचा माणूस बोलला तर ते ऐकू येते, वरचे सूर स्वच्छ लागतात, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी खर्ज एखाद्या जिवंत जनावरासारखा श्वास घेत असतो. सेकंदाला पन्नास कंपने असलेल्या स्वराची एकेक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढी लांब लाट उठवायची म्हणजे पुष्कळ हवा ढकलावी लागते. पंधरा-अठरा इंची पडद्यांचे स्पीकर आणि ही कपाटे लागतात ती त्यासाठी. तीन इंची खेळण्यातल्या स्पीकरने ते काम होत नाही. डग्ग्याचे काम चिपळ्यांनी कसे व्हावे?

आता थोडे किंग्स्टनला जाऊ.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तिथल्या गरीब वस्तीतल्या माणसाला नाच हवा होता, पण नाचाला बँड परवडत नव्हता. बँडवाले दहा-बारा जण. त्यांना पैसे द्या, जेवू घाला, मधूनमधून विश्रांती द्या. त्यातले चांगले वादक पर्यटकांच्या हॉटेलांत नाहीतर परदेशी निघून जात. ह्यावर तोडगा निघाला. एक ग्रामोफोन, एक दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर, मोठाले स्पीकर आणि अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या. तबकडीला भूक लागत नाही आणि ती दमतही नाही. मोकळ्या अंगणात हा सरंजाम मांडायचा, थोडे प्रवेशमूल्य घ्यायचे, बियर आणि रम विकायची. ह्या सरंजामाला नाव पडले साउंड सिस्टिम. टॉम वाँग नावाच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' ह्या भारदस्त नावाने काढलेली सिस्टिम पहिल्या नामवंतांपैकी.

साउंड सिस्टिम म्हणजे नुसते यंत्र नव्हे. तो एक फड असतो. फडाचा मालक वेगळा, तबकड्या निवडणारा 'सिलेक्टर' वेगळा, तबकडीवर बोल टाकून लोकांना चेतवणारा 'डीजे' वेगळा, आणि खोकी वाहणारी पोरे ती आणखी वेगळी. दोन फड समोरासमोर उभे राहिले की आपल्या कलगी-तुऱ्यासारखा सामना रंगे. आज रात्री कुणाचा आवाज खोल, आणि कुणाकडे अशी तबकडी आहे जी दुसऱ्याकडे नाही, ह्यावर निकाल. म्हणून तबकडीवरचे नावाचे लेबल खरवडून काढायची पद्धत पडली. स्वयंपाकातला हातगुण शेजारणीला कळू नये म्हणून मसाल्याच्या डब्यावर चिठ्ठी न लावण्यासारखेच ते.

ह्या फडवाल्यांत दोघे मातब्बर. एक ड्यूक रीड. पूर्वाश्रमीचा पोलीस, नंतर दारूचा दुकानदार, कमरेला पिस्तूल लावून नाचाला येणारा. दुसरा क्लेमेंट डॉड. हा शाळेत क्रिकेट उत्तम खेळे, म्हणून यॉर्कशरचा खेळाडू अ‍ॅलेक कॉक्सन ह्याच्यावरून मित्रांनी त्याला 'कॉक्सन' म्हणायला सुरुवात केली, आणि जन्मभर तेच नाव त्याला चिकटले. ह्या कॉक्सनकडे एक तबकडी होती. तिला त्याने 'कॉक्सन हॉप' असे आपलेच नाव दिले होते आणि ती त्याचे ब्रह्मास्त्र होती. मूळ गाणे अमेरिकेतल्या विलिस जॅक्सनचे. ड्यूक रीडने वर्षानुवर्षे शोध करून अखेर ते हुडकले आणि एका रात्री कॉक्सनच्या देखत वाजवले. कॉक्सनला भोवळ यायचीच बाकी राहिली, असे जुने लोक सांगत. पुढे अमेरिकेतली गाणी अपुरी पडू लागली, तेव्हा ह्याच फडवाल्यांनी आपली गाणी मुद्रित करायला घेतली. जमेका १९६२ साली स्वतंत्र झाला आणि १९६३ साली कॉक्सनचा 'स्टुडिओ वन' उभा राहिला. स्का, रॉकस्टेडी, रेगे ही भावंडे अशी फडाच्या अंगणात वाढली.

पण ह्याच्या बरेच आधी बोट सुटली होती. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' ह्या बोटीतून वेस्ट इंडीजमधले सुमारे ८०० प्रवासी लंडनजवळच्या टिल्बरी बंदरात उतरले. त्यांत लॉर्ड किचनर नावाचा कॅलिप्सो गाणारा शाहीरही होता. दोनच वर्षांनी, २९ जून १९५० रोजी, वेस्ट इंडीजने इंग्लंडच्या भूमीवरचा आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो लॉर्ड्सवर, आणि ह्याच किचनरने मैदानात वाजतगाजत मिरवणूक काढली. विजयाच्या शिल्पकारांपैकी सनी रामाधीन हा मूळचा आपल्याकडून तिकडे गेलेल्या मजुरांच्या वंशातला. लॉर्ड्सकडे पाहून उसासा टाकताना हेही ध्यानात असू द्यावे.

लॉर्ड्सवर गाता येत होते, पण संध्याकाळी जायचे कुठे? युद्धाने मोडलेले इंग्लंड उभे करायला हात हवे होते. त्या हातांना मात्र राहायला खोली मिळत नव्हती. भाड्याच्या खोलीच्या खिडकीत, काळ्या लोकांनी विचारू नये अशी पाटी. पबमध्ये, नाचघरात दारावरच नकार. हा नकार सार्वजनिक जागांपुरता बेकायदा ठरला तो १९६५ साली, आणि घरांच्या बाबतीत १९६८ साली. तोवर वीस वर्षे गेली होती. नॉटिंग हिल तेव्हा आजच्यासारखे श्रीमंत नव्हते. पडझड झालेली घरे, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. जागा मिळे ती अशाच ठिकाणी.

१९५४ साली व्हिन्सेंट फोर्ब्ज नावाचा तरुण बोटीत चोरून बसून इंग्लंडला आला. किंग्स्टनला तो टॉम द ग्रेट सेबॅस्टियनच्या फडात सिलेक्टर होता. लंडनमध्ये त्याला नाचायला जागा दिसेना. १९५५ साली त्याने जुनापुराणा ग्रामोफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि खोकी जमवून लॅडब्रोक ग्रोव्हच्या परिसरात आपला फड मांडला आणि 'ड्यूक व्हिन' झाला. इंग्लंडमधली ही पहिली साउंड सिस्टिम. त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी काउंट सकल. नावे सगळी ड्यूक आणि काउंट! ज्या देशात खऱ्या सरदारांना तोटा नव्हता, तिथे ह्या तळघरातल्या सरदारांनी आपली जहागीर वसवली. तळघरात पार्टी करायची, दारात थोडे पैसे घ्यायचे, आत नाच आणि एका कोपऱ्यात पातेले. ह्या पार्ट्यांना 'ब्लूज' म्हणत.

पातेल्यावरून आठवले. कार्निव्हलमध्ये मला 'करी गोट' खायला मिळाले. बकऱ्याचे मटण, हळद आणि मसाला. चव घेताच ओळख पटली, पण नाव विसरलेल्या नातेवाइकासारखी. १८४५ साली भारतातून मजुरांची पहिली बोट जमेकाला पोचली. ही पाककृती त्यांची देणगी. त्यांनी तिकडे नेलेला आणखी एक शब्द रेगेच्या गाण्यांत फार येतो, पण तो वनस्पतिशास्त्राचा आहे. मुलाबाळांच्या अंकात तो नको.

१९५८ च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्या काळ्या लोकांवर धावून गेल्या. आठवडाभर दंगल चालली. १९५९ च्या मे महिन्यात केल्सो कॉक्रन ह्या अँटिग्वाहून आलेल्या सुताराचा रस्त्यात खून झाला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारावर माणसे लोटली. खुनाबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. ह्या काळोखात क्लॉडिया जोन्स ह्या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार बाईंनी ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. जानेवारीची थंडी, म्हणून बंद सभागृहात. १९६६ साली रॉन लॅसलेट ह्या समाजसेविकेने मुलांसाठी रस्त्यावर जत्रा भरवली आणि उत्सव उन्हात आला. १९७३ साली लेस्ली पामर ह्या तरुणाने त्यात साउंड सिस्टिम आणल्या. तळघरातला खर्ज रस्त्यावर आला तो असा. ड्यूक व्हिनही तिथे आला, आणि म्हातारपणापर्यंत येत राहिला. २०१२ साली तो वारला.

दरम्यान किंग्स्टनमध्ये एका वायरमनने मोठा चमत्कार केला होता. ऑसबर्न रडॉक, ऊर्फ किंग टबी. रेडिओ दुरुस्त करण्यात वाकबगार. त्याने गाण्याच्या मुद्रणातून गाणाराच काढून टाकला. उरले ढोल आणि खर्ज. त्यावर मधूनच एखादा शब्द सोडायचा, तो प्रतिध्वनीत विरून जाऊ द्यायचा, मधूनच सगळेच थांबवायचे. थोडक्यात, गवयाला घरी पाठवून साथीदारांची मैफल मांडली! ह्या प्रकाराचे नाव डब. ह्यात मिक्सर हेच वाद्य झाले आणि तंत्रज्ञ हाच कलावंत. आज जगभर खोलीत बसून यंत्रांवर संगीत रचणारी लाखो तरुण मंडळी आहेत. कळत असो वा नसो, ती सारी ह्या वायरमनच्या घराण्यातली.

लंडनमध्ये डबचा मोठा उपासक म्हणजे जाह शाका. रात्रभर, एकाच ग्रामोफोनवर, जवळजवळ अंधारात तो वाजवी. ऐकणाऱ्यांना ती रात्र कीर्तनाच्या जागरणासारखी वाटे. तो २०२३ साली गेला. त्याच्या रात्रींतून शेकडो तरुण गोरी-काळी पोरे खर्जाची दीक्षा घेऊन बाहेर पडली.

ही दीक्षा स्वस्तात मिळत नव्हती. शेजाऱ्यांच्या तक्रारी येत, त्या सगळ्याच खोट्या होत्या असेही नाही. रात्री तीन वाजता भिंती हादरल्यावर कुणाला झोप लागेल? पण पोलीस येत ते केवळ आवाज कमी करायला येत नसत. १९७४ साली क्रिकलवुडच्या कॅरिब क्लबात धाड पडली. सिस्टिम वाजवणारा डेनिस बोव्हेल हा संगीतकार पकडला गेला, त्याला शिक्षा झाली, आणि कित्येक महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात तो सुटला. १९७९ साली त्याच माणसाने रचलेले 'सिली गेम्स' हे जॅनेट केचे गोड गाणे इंग्लंडमधल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. १९७६ च्या कार्निव्हलमध्ये पोलीस आणि तरुण ह्यांची मोठी चकमक झाली. आणि १८ जानेवारी १९८१ च्या पहाटे न्यू क्रॉस भागात एका घरी वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली. १३ तरुण मुले गेली. आगीचे कारण आजवर निर्विवाद ठरलेले नाही. २ मार्चला हजारो माणसे रस्त्यावर उतरली, कारण तेरा पोरे गेली तरी देशाला त्याचे सुतक नव्हते.

ह्यानंतरची पिढी इथेच जन्मलेली. तिचा खर्ज जमेकाचा, पण जीभ लंडनची. लुइशमच्या 'सॅक्सन' ह्या फडातल्या पोरांनी भरधाव बोलण्याची अशी शैली काढली की किंग्स्टनवाले थक्क झाले. १९९० च्या सुमारास मोठमोठ्या गोदामांत रात्रभर चालणाऱ्या नाचात यंत्रांचा जलद ठेका होता. ह्या पोरांनी त्याच्याखाली आपला खर्ज सरकवला. १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर' ह्या अमेरिकन तबकडीतला सहा-सात सेकंदांचा ढोलाचा तुकडा घेतला, तो पळवला, कापला, उलटसुलट जोडला. ढोल मिनिटाला १६० च्या घरात, आणि खाली खर्ज बरोबर त्याच्या निम्म्याने. आपल्या भाषेत बोलायचे तर वर दून आणि खाली ठाय. ज्याला पळायचे त्याने ढोलाबरोबर पळावे, ज्याला डुलायचे त्याने खर्जाबरोबर डुलावे. ह्याला जंगल म्हणू लागले, मग ड्रम अँड बेस.

ब्रिस्टल हे ह्या गोष्टीतले दुसरे ठिकाण. गुलामांच्या व्यापारावर गब्बर झालेले हे बंदर. १९६३ साली इथल्या बसकंपनीत काळ्यांना कंडक्टर होता येत नव्हते; लोकांनी चार महिने बसवर बहिष्कार घातला आणि बंदी उठवायला लावली. त्यानंतर रुजू झालेला पहिला बिगर-गोरा कंडक्टर म्हणजे रघबीर सिंग हे आपले शीख गृहस्थ. त्याच गावातल्या 'वाइल्ड बंच' ह्या साउंड सिस्टिममधून 'मॅसिव्ह अ‍ॅटॅक' हा संच निघाला. १९९१ च्या त्यांच्या पहिल्या आल्बममध्ये जमेकाचा हॉरेस अँडी गायला. १९९७ साली ब्रिस्टलच्याच रोनी साइझला त्याच्या संचासह मर्क्युरी पारितोषिक मिळाले. ज्यासाठी पूर्वी धाडी पडत, त्याला आता हारतुरे येऊ लागले.

पुढे दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातल्या 'बिग अ‍ॅपल' ह्या तबकड्यांच्या दुकानाभोवती जमलेल्या मुलांनी सगळेच सावकाश आणि उघडेबोडके केले. त्याचे डबस्टेप झाले. २००५ पासून ब्रिक्स्टनमधल्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या वास्तूत त्यांच्या रात्री भरू लागल्या. ही मुले जाह शाकाला ऐकून वाढलेली. आपली नवी रचना ती मऊ लेपाच्या एकाच तबकडीवर कोरून घेत. ही तबकडी काही रात्रींत झिजून जाते आणि ती दुसऱ्या कुणाकडे नसते. म्हणजे ड्यूक रीड आणि कॉक्सन ह्यांचाच डाव, पन्नास वर्षांनी, चर्चच्या छपराखाली!

आपली मंडळीही ह्यात मागे नाहीत. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला पंजाबी घरचा मुलगा 'अपाचे इंडियन' होऊन जमेकन बोलीत गायला. १९९३ साली लंडनच्या एका संगीतवर्गातून 'एशियन डब फाउंडेशन' उभे राहिले. २०१६ साली तर गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' नावाचा रेगेचा मेळाच सुरू झाला.

ही यशोगाथा इथे संपवता आली असती. पण २०१८ साली वेगळेच उघडकीस आले. विंडरशच्या काळात आईबापांचे बोट धरून कायदेशीरपणे आलेली मुले, आता साठी-सत्तरीतली, त्यांना सरकार पुरावे मागत होते. कुणाची नोकरी गेली, कुणाचे औषधपाणी थांबले, काहींना देशाबाहेर घालवले गेले. ज्या जुन्या नोंदपत्रांवरून त्यांच्या येण्याची तारीख दाखवता आली असती, ती २०१० साली सरकारी खात्यानेच नष्ट केली होती. सरकारने माफी मागितली. पण देशाने ज्यांचा आवाज आपला म्हणून मिरवला, त्यांनाच 'तुम्ही इथले कशावरून?' असे विचारले गेले होते.

म्हणूनच कार्निव्हलमधली ती स्पीकरांची भिंत मला नुसती मौज वाटली नाही. ज्या रस्त्यांवर खोली मिळत नव्हती, तिथली घरे आज लाखो पौंडांची झाली आहेत आणि जुनी बिऱ्हाडे भाडे न परवडल्यामुळे दूर गेली आहेत. ती वर्षातून दोन दिवस परत येतात, कोपऱ्यावर खोकी मांडतात आणि सबंध रस्त्याला आपले पत्ते ऐकवतात. संध्याकाळी सातला आवाज बंद करावा लागतो. तेवढ्या वेळात जे म्हणायचे ते म्हणून घ्यायचे.

जवळच, चालत जाण्याच्या अंतरावर, १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवर ही उंच इमारत जळाली आणि ७२ माणसे गेली. त्यांत दूरदेशाहून आलेली कितीतरी. तेव्हापासून कार्निव्हलमध्ये दुपारी ३ वाजता ७२ सेकंद शांतता पाळण्याचा प्रघात पडला आहे. मी उभा होतो तिथे खोकी एकदम गप्प झाली. हजारो माणसे, आणि एक मूल रडत होते तेवढाच आवाज. सकाळपासून खर्जाची सवय झालेल्या छातीला ती पोकळी फार जड वाटली. माझ्या पुढे एक वृद्ध बाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर हॅट, मांडीवर जेवणाचा डबा. त्यांनी शेजारच्या स्पीकरच्या लाकडावर हात ठेवला होता. सेकंद संपले, सुई तबकडीवर टेकली, खर्ज पुन्हा उठला. बाईंनी हात काढला नाही.